डांबरावरून की साइडपट्टीवरून

महिन्याच्या मिटिंगला हिंगोलीला गेले की मी बसस्टँडपासून पायीच जाते. आता तिथं रस्त्याच्या कडेला सिमेंटचे ब्लॉक बसवलेला फूटपाथ आहे. मागच्या खेपेला त्यावरून एक कॉलेजची मुलगी सायकल चालवत आली. माझ्या पुढं चाललेल्या एका गृहस्थांनी तिला हात आडवा करून थांबवलं. "फूटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो. सायकल रस्त्यावर घे." ती म्हणाली, "काका, या रस्त्यावर तुम्ही चालवून दाखवा ना," आणि त्यांना वळसा घालून निघून गेली. गृहस्थ माझ्याकडं वळले, "बघितलं का बाई, आजकालच्या पोरी!" मला दोघांचंही पटलं होतं. या एका प्रश्नावर माझ्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनही झाली नसतील.

आमच्याकडं अर्थात फूटपाथ नव्हता. साइडपट्टी होती. गावाहून जवळा बाजारला जाणारा रस्ता एका एसटीच्या रुंदीचा. समोरून दुसरी गाडी आली की दोघींनी एकेक चाक खाली उतरवायचं, तेव्हा कुठं निभायचं. डांबराच्या दोन्ही बाजूंना मुरमाची पट्टी, तीच साइडपट्टी. कागदावर ती डांबराशी समतल असते. आमच्या रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि मुरूम पावसानं वाहत गेला. त्यामुळं काही ठिकाणी डांबराची कड वीतभर उंच होती, एखाद्या ओट्यासारखी.

मी अंगणवाडी सेविका आहे. कुठल्या लेकराचं वजन घटलं, कुणाचा डोस राहिला, खाऊची किती पाकिटं उरली, याच्या याद्या ठेवण्यात माझी उमर गेली. घरातही मी तशीच. बाजाराची यादी, लग्नाच्या आहेराची यादी, पाहुणे येण्याआधीच्या कामांची यादी. काळजीचं काम समोर आलं की मी आधी त्याचे तुकडे करते, एकेक तुकडा आटोक्यातला वाटतो. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला माझी मोठी मुलगी सातवी झाली तेव्हाही मी तेच केलं. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला जवळा बाजारला जायचं. जाण्याचे मार्ग मी मोजले. एसटी शाळा भरल्यावर यायची, म्हणून ती बाद. वसमतला माझ्या बहिणीकडं ठेवायचं, तर लेकरू तेरा वर्षांचंही नव्हतं, म्हणून तेही बाद. तिच्या वडिलांची जीप होती, पण तीही बाद. ते काळी-पिवळी चालवायचे, मालक दुसराच, आणि काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. बाजाराच्या दिवशी तर आत, टपावर, मागच्या पायरीवर अशी माणसं असायची, त्यात पोरीला कुठं कोंबणार? राहिली सायकल.

सायकल आली तेव्हा सगळे खूश. लाल रंगाची, पुढं टोपली असलेली लेडीज सायकल. पण ती चालवायची कुठून, यावर पहिल्याच दिवशी वाजलं.

हे जीप धूत होते. हातातलं फडकं न थांबवता म्हणाले, "डांबर गाडीवाल्याचं. सायकलनं खालून जावं. मागं गाडीचा आवाज आला का उतरायचं खाली. बस."

"आणि खाली काटे असले तर?"

"काट्यानं पंचर होतं. ट्रकनं माणूस होतो पंचर."

तरी रविवारी मुलीला घेऊन मी तो सगळा रस्ता पायी तपासला. पोरगी वैतागली होती. "आई, रस्ता काय पळून जाणार आहे का?" मी एकेक जागा तिला दाखवत गेले. गावाबाहेर पडल्यावर शेतांच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या बाभळी छाटल्या होत्या, तिथं साइडपट्टीभर काटे. त्याच्या पुढं डांबराची कड तुटून आत गेलेली, त्यामुळं चाक अचानक खाली घसरण्याची भीती. मग ओढ्यावरची मोरी, म्हणजे बुटका पूल. मोरीला कठडा नव्हता आणि साइडपट्टीही नव्हती. दोन्ही बाजूंना डांबर संपलं की थेट ओढा. त्यानंतर वळण. वळणाच्या आतल्या अंगाला तुरीचं रान, तूर वाढली की पलीकडचं काही दिसायचं नाही. वळण ओलांडलं की मग सरळ रस्ता, थेट कापसाच्या जिनिंगपर्यंत.

घरी येऊन मी तिच्याकडून पाठ करून घेतलं. मागून आवाज आला की खाली उतरायचं, थांबायचं, गाडी जाऊ द्यायची, मगच वर यायचं. मोरीवर सायकल हातात धरून चालायचं. बाजाराच्या दिवशी दोन्ही वेळेला खालूनच. ती मान डोलावत होती. मान डोलावताना सायकलच्या घंटीवर अंगठा फिरवत होती.

पावसाळ्यात हे नियम कसेबसे चालले. साइडपट्टीचा राडा व्हायचा. ती गुडघ्यापर्यंत चिखलात माखून शाळेत जायची. तिच्या वर्गातल्या पोरी तिला "भात लावायला गेलती का" म्हणून चिडवायच्या. उशीर झाला की वर्गाबाहेर उभं राहावं लागे. तिनं एकदा वडिलांना हिशेब सांगितला, "बाबा, प्रत्येक गाडीला उतरायचं म्हणलं तर मी शाळेत पोचंस्तोवर मधली सुट्टी होती."

"मग लवकर निघ."

"लवकर निघाले तर लवकरच्या गाड्या राहतात की."

ह्यांना हसू आलं. मला आलं नाही. मला त्या वर्षी कशाचंच हसू येत नव्हतं.

माझी काळजी कशी होती ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. दुपारी अंगणवाडी सुटली की माझे कान रस्त्याला लागायचे. आमचं घर रस्त्यापासून आत, पण आवाज सगळे यायचे. एसटी खडखडत यायची ती ओळखू यायची. ह्यांच्या जीपचा हॉर्न बसका होता. ट्रॅक्टर आला की ट्रॉलीची साखळी वाजायची. जोरात ब्रेक लागल्याचा आवाज आला की माझ्या हातातलं काम थांबायचं आणि पुन्हा गाडी चालू झाल्याचा आवाज येईपर्यंत मी तशीच उभी राहायची. शाळा सुटायची वेळ झाली की मी काही ना काही कारण काढून रस्त्यावरच्या किराणा दुकानात जायची. काडीपेटी, मीठ, काहीतरी घ्यायची. दुकानदारानं एक दिवस विचारलं, "ताई, काडीपेट्या खाऊन राहिले काय घरात?" मग मी दुकानात जाणं बंद केलं आणि हातपंपाशी उभी राहू लागले. लांबून लाल टोपली दिसली की मी पटकन घरात. तिला कळू नये म्हणून. तिला सगळं कळत होतं.

मग सोयाबीनचे दिवस आले.

आमच्या भागात काळी जमीन. खळं कितीही चोपलं तरी परतीच्या पावसानंतर त्याला ओल राहते. गावात कडक, कोरडी, दिवसभर उन्हात तापणारी जागा एकच, ती म्हणजे डांबर. म्हणून सुगीत अर्धा रस्ता शेतकऱ्यांचा होतो. मळणीयंत्राची पाळी लवकर येत नाही, आणि ज्याचं रान थोडं त्याच्याकडं मशीनवाला यायलाच तयार नसतो. अशी माणसं सोयाबीन उपटून आणून सरळ रस्त्यावर पसरतात. भोवती दगड लावतात. जीप, ट्रक, ट्रॅक्टर वरून जातात आणि मळणी आपोआप होते. मग भुस्कट काढायचं आणि दाणे तिथंच कडेला वाळवायचे. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी कुणाला नाही म्हणत नाही. गाडीवालेसुद्धा शेंगा दिसल्या की मुद्दाम त्यावरून चाक घालतात, आणि दाणे दिसले की चुकवून जातात. एवढं भान सगळ्यांना असतं.

त्या वळणावर माझ्या मोठ्या जाऊबाईंचं सोयाबीन होतं. आम्ही वेगळे निघालेलो होतो, पण बांधाला बांध. त्यांनीच माझ्या मुलीला सांगितलं, "वरून जात जा गं, तेवढंच मळतं." हे ऐकून मला बरं वाटलं होतं. ह्यांनाही वाटलं. पोरगी रस्त्याच्या कडेनं, मऊ शेंगांवरून, दगडांच्या आतून जाणार, म्हणजे गाड्यांपासून लांब राहणार. सायकलीचं वजन ते काय, त्यानं शेंग फुटत नाही, पण काकूचं काम केल्याचं पोरीला समाधान. आठ-दहा दिवस ती तशी जात होती. कटकट आवाज येतो म्हणून तिला मजाही वाटायची. शेंगा कधी संपतात आणि दाणे कधी सुरू होतात याचा विचार आम्हा तिघांपैकी कुणीच केला नाही.

एका संध्याकाळी ती उशिरा आली, सायकल हातात धरून. कोपर सोललेलं. "चेन निघाली होती," म्हणाली. मी कोपर धुतलं, हळद लावली, पुढं काही विचारलं नाही. चेन निघते, पोरं पडतात. दुसऱ्या दिवशी तिचा ड्रेस धुवायला घेतला तर फ्रॉकच्या चुण्यांत सोयाबीनचे दाणे. पायमोज्यातही. चेन पाहिली, तर चेनला काहीच झालेलं नव्हतं.

शाळेतून आल्यावर मी तिला शेजारी बसवलं. "कुठं पडलीस?"

ती पायमोज्याची कड खालीवर करू लागली.

"वळणावर?"

मग तिनं सांगितलं. वरून भुस्कट होतं आणि खाली सगळे दाणे. चाक गेलं तसं सटकलं. सायकल डावीकडं पडली आणि ती उजवीकडं, डांबराच्या मधोमध. मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला. तो खाली उतरून तिला म्हणाला, "मरायचं का बाई तुला?" आणि मग त्यानंच सायकल उचलून दिली.

"टेम्पो किती लांब थांबला?"

"थांबला ना."

"किती लांब?"

तिनं बसल्या जागेवरून दाराकडं पाहिलं. आमचं घर लहान आहे. ती बसली होती तिथून दार काही फार लांब नाही.

मी विचारलं, "मग मला खोटं काहून सांगितलंस?"

ती पटकन म्हणाली, "तू शाळा बंद करशील म्हणून."

तिचं बरोबरच होतं, कारण ती सांगत असतानाच मी मनात यादी सुरू केली होती. वसमतच्या बहिणीला निरोप. वर्षाच्या मधूनच शाळेचा दाखला निघतो का ते विचारणं. किंवा दिवाळीपर्यंत घरी ठेवणं, सुगी संपली की बघू. आणि सुगी संपली की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, एका ट्रॅक्टरला दोन दोन, मागची ट्रॉली शेपटीसारखी हलत जाणारी. म्हणजे तेव्हा पुन्हा घरी. असं करत करत वर्ष गेलं असतं. आमच्या गावात सातवीनंतर "सध्या घरी आहे" म्हणून बसलेल्या पोरी मला नावानिशी माहीत होत्या. त्यांची लेकरं माझ्याच अंगणवाडीत होती. त्यांच्या आयांनीही पोरींचं वाईट चिंतलं नव्हतं. सगळ्या माझ्यासारख्याच रस्त्याकडं कान लावून बसणाऱ्या बायका होत्या.

सकाळी हे जीप धुवायला बाहेर गेले तशी मी मागं गेले आणि सगळं सांगितलं. फडकं बादलीत तसंच राहिलं. त्यांनी विचारलं, "टेम्पो कुणाचा होता?"

"कुणाचा का असंना. तो थांबला. आता तुम्ही मला खरं सांगा. तुम्ही जीप चालवता. पुढं सायकल दिसली की काय करता?"

"काय करायचं? हॉर्न मारतो."

"आणि सायकलवाला कडेला असला तर?"

"तर मग काय, जातो की पुढं."

"ब्रेक मारता का?"

ते खाली बसून चाकावरचा चिखल खरवडू लागले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "न्हाई मारत. कडंला असला तर ब्रेक मारायचं काय काम? त्यानं जागा दिली, आपण जायचं. अंगाला घासून गेलं तरी जायचं. मधी असला तर मारावा लागतो. झक मारून मारावा लागतो. शिव्या देतो, पण मारतो."

"मग तिला खाली उतर म्हणून कशाला सांगितलं?"

"अगं, मधी चाल म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? माझ्यासारखेच चालवून राहिले समदे!"

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्यांनाही झोप लागत नसावी.

तसंच मी वळणावर गेले. जाऊबाई दाताळ्यानं सोयाबीन खालीवर करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या मॅडम. आज अंगणवाडीला सुट्टी दिली का?"

"बाई, पोरगी इथं पडली परवा."

"ऐकलं. लागलं का लई?"

"कोपर सोललं. पण मागून टेम्पो होता."

"माय गं!" त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "दाण्यावरून कशाला आली? शेंगावरून जा म्हणलं होतं मी. दाण्यावरून ट्रकवाला बी जात न्हाई."

"वरून भुस्कट होतं, तिला काय दिसणार. बाई, एवढं वळण सोडून पुढं सरळ्यात टाका की. तिथं लांबून दिसतं."

"सरळ्यात जागा हाय का? तिथं टोकापसून टोकापतोर लोकायचं पसरलंय. आन् सरळ्यात लिंबाची सावली. इथं सकाळपसून ऊन." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "पोरीला सांग, वळण आलं का उतरायचं आन् सायकल हातात धरून चालायचं. पाय हाईत ना? तिला काय कलेक्टरच्या हापिसात जायचंय, उशीर झाला म्हणून?"

"पायी चालली तरी दाण्यांच्या बाहेरूनच चालावं लागेल. म्हणजे रस्त्याच्या मधूनच."

"मग मी काय करू? सोयाबीन डोक्यावर वाळवू?"

त्यांचं रान खरंच थोडं होतं आणि आभाळ रोज दुपारनंतर भरून येत होतं. दाणे भिजले तर काळे पडतात, मग बाजारात कुणी हात लावत नाही. मी परत निघाले. निघताना त्या मागून म्हणाल्या, "तुला तर समद्या गावाची काळजी लागलेली असती. लेकराला जरा मोकळं सोड, न्हाईतर बांधून तरी ठेव. मधीच लटकवू नको."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मुलीला म्हटलं, "चल, मी येते मागं बसून."

"कुठं?"

"शाळेपर्यंत. मला बघायचंय."

तिला आधी वाटलं मी थट्टा करते. मग म्हणाली, "आई, तू जड आहेस."

"चढ आला की उतरते."

सायकलच्या कॅरिअरवर मी एका अंगानं बसले, पदर कमरेला खोचला, एक हात सीटखालच्या स्प्रिंगला धरला. गाव ओलांडेपर्यंत बायका बघत होत्या. ह्यांच्याबरोबरच्या एका ड्रायव्हरनं जीपमधून ओरडून विचारलं, "वैनी, ड्रायव्हर बदलला का काय?" आणि त्याच्या टपावरची माणसं खो खो हसली.

मी तिला सांगितलं होतं की आधी नियमाप्रमाणे चालव. ती डांबराच्या अगदी कडेनं चालली. मागून जीप आली. नियम खाली उतरायचा, पण तिथं कड वीतभर उंच होती, माझं वजन मागं असताना उतरता येणार नव्हतं. जीप आमच्या बाजूनं गेली. वेग तसूभर कमी झाला नाही. गरम वारा अंगावर आला, माझा पदर सुटून फडफडला आणि जीपच्या मागच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचा गुडघा माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावरून गेला. त्या माणसानं मला नमस्कार केला. ओळखीचा होता.

पुढं सपाट जागा आल्यावर ती खाली उतरली, सायकल सावरली आणि वळून म्हणाली, "आता मी चालवते तशी चालवू?"

"म्हणजे तू रोज वेगळी चालवतेस?"

ती पायानं पायडल सरळ करू लागली. तेव्हा मी "चालव" म्हणाले.

ती कड सोडून हातभर आत आली. फार नाही, हातभरच. मला मात्र आम्ही रस्त्याच्या मधोमध असल्यासारखं वाटलं. मागून टेम्पो आला. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला. माझ्या तोंडात "खाली घे" हे शब्द आले. मी दात घट्ट दाबले. स्प्रिंगचा वळ तळहातावर उमटला तो घरी गेल्यावर दिसला. टेम्पोचं इंजिन मागं घुमत राहिलं, गिअर पडल्याचा आवाज आला, वेग उतरला. टेम्पो उजवीकडून, चाक पलीकडच्या मुरमात घालून, लांबून गेला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "ए पोरी, रस्ता काय तुझ्या बापानं बांधला का? आन् म्हातारीला मागं घेऊन!"

मी तेव्हा तिशी नुकती ओलांडलेली होती.

"बघितलंस?" ती धापा टाकत म्हणाली. "लांबून गेला."

"शिव्या दिल्या त्यानं."

"शिव्या लागत नाहीत."

मोरी आली. मला वाटलं होतं ती इथंही मधूनच जाईल. तिनं मोरीच्या अलीकडंच ब्रेक लावला आणि मला उतरायला सांगितलं. समोरून एसटी येत होती, अजून बरीच लांब. ती सायकल घेऊन खाली मुरमावर थांबली. "इथं मी कुणाच्याच आधी जात नाही," म्हणाली. एसटी गेली, धूळ बसली, मागं-पुढं पाहून आम्ही मोरी चालत ओलांडली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त हातात धरून चाल म्हटलं होतं. आधी थांबायचं हे तिचं तिनं ठरवलेलं होतं.

मग वळण. डावीकडं दाणे, भोवती दगड, कडेला पोती, आणि जाऊबाई दाताळं टेकून उभ्या. तिनं वळणाच्या बऱ्याच आधी मागं वळून पाहिलं, उजवा हात बाजूला केला आणि घंटी वाजवत दगडांच्या बाहेर आली. आता खरोखर रस्त्याच्या मधोमध. पुढचं काही दिसत नव्हतं, तूर माणसाच्या उंचीची झाली होती. ती घंटी सोडतच नव्हती. मागं एक जीप येऊन अडकली, हॉर्न मारू लागली. पुढून काही आलं तर? हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. कडेनं गेली असती तरी पुढून येणाऱ्यानं दाणे चुकवायला चाक आमच्याच बाजूला घातलं असतं, हे कळत होतं. दाण्यांवरून गेली असती तर काय झालं असतं हे तर माहीतच होतं. सायकल हातात धरून चाललो असतो तर याच जागेत दुप्पट वेळ राहिलो असतो. कोणतीच बाजू बिनधोक नव्हती. मी एवढ्या याद्या केल्या, पण ही एक ओळ मी कधी लिहिली नव्हती.

वळण संपलं. पुढून काही आलं नाही. आलं असतं तर, याचा विचार मी आजही पुरा करत नाही.

सरळ रस्ता लागल्यावर ती थांबली. "आता उतर. पुढं नको येऊस. पोरी हसतील." मी उतरले. ती वाट बघत उभी राहिली, मी काहीतरी सांगेन म्हणून. माझ्याकडं सांगण्यासारखं बरंच होतं. मी तिच्या टोपलीतलं दप्तर नीट सरकवलं आणि "जा" म्हटलं.

परत मी पायीच निघाले. प्रत्येक गाडीचा आवाज आला की ती तिच्या दिशेनं चालली आहे की माझ्या, एवढंच ऐकत होते. वळणावर आले तर जाऊबाई दगड कडेला सरकवत होत्या. रास डांबरावरून हातभर कडेला ओढलेली, थोडी थेट मुरमावर, खाली जुनी ताडपत्री टाकून.

मला बघून त्या गुरकावल्या, "तुझ्या पोरीसाठी न्हाई करत. तो जीपवाला तिच्या मागं अडकला आन् मग माझ्या दगडावरून चाक घालून गेला. पोतंच उडवलं असतं."

"बरं," मी म्हटलं. कोपऱ्यात खराटा होता. डांबरावर पसरलेले सुटे दाणे मी राशीकडं लोटू लागले. मग त्या म्हणाल्या, "मधून नेली तिनं तुला. ढवळ्या दिवसा, मधून. म्या असती तर उडी मारली असती."

"मला मारता आली नाही," मी म्हटलं. त्या हसल्या. मलाही थोडं हसू आलं, आणि लगेच मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तसं ते गेलं.

ह्यांना मी दुपारी सगळं सांगितलं. ऐकून ते जेवता जेवता थांबले, मग पुन्हा जेवू लागले. जवळा बाजारच्या स्टँडवर त्यांनी ड्रायव्हरांना काय सांगितलं ते मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. म्हणाले होते, "लाल सायकलवाली माझी पोरगी हाय. मधून येती. शिव्या दिल्या तरी चालंल, पण ब्रेक मारा." एकानं विचारलं, "आन् बाकीच्या पोरींना?" त्यावर ते काय म्हणाले ते सांगणाऱ्याला आठवत नव्हतं. त्या रस्त्यावर आणखी सहा-सात सायकली जायच्या.

त्या संध्याकाळी मी हातपंपाशी गेले नाही. ठरवून गेले नाही. घरात बसून तांदूळ निवडले, निवडलेले पुन्हा निवडले. एसटी गेली. ह्यांच्या जीपचा बसका हॉर्न वाजला आणि पुढं गेला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि ते काहीच नसणं सगळ्यात वाईट होतं. शेवटी अंगणात स्टँड लावल्याचा आवाज आला.

ती पाय धुवायला बसली. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"कुठून आलीस?"

"मोरीला खाली थांबले. बाकी वरून."

"आणि वळणावर?"

तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "मधून."

तिला या शब्दावर माझं काय होतं ते बघायचं होतं. उद्या सायकल अंगणात राहते की जाते, ते त्यावरच ठरणार होतं.

"बरं," मी म्हटलं, आणि तिचा डबा धुवायला घेतला.